राणीला ताई म्हणणारा राजा

माझ्या आतेभावासारखी स्मरणशक्ती उभ्या साकोली तालुक्यात कुणाला नव्हती, आणि ती त्याच्याइतकी लोकांवर लादणाराही कुणी नव्हता. एकोडीतल्या कुठल्याही बैलाची आई कोणती, हे तो मालकाआधी सांगे. एसटीत शेजारच्या अनोळखी माणसाला म्हणे, "मागच्या खेपेले तुमी खिडकीकडं बसले होते. थैलीत वांगे होते." तो माणूस गुपचूप जागा बदले. दिवाळीनंतर आमच्याकडे मंडई, म्हणजे गावजत्रा, भरते आणि भर दुपारी दंडार होते, म्हणजे आमचं गावरान नाटक. त्यात हा दरवर्षी राजा. पण स्वतःच्या संवादांवर त्याचं भागत नसे. प्रधान जरा अडखळला की त्याचंही वाक्य हाच म्हणून टाकी. एकदा तर प्रधान भर दरबारात म्हणाला, "मंग मी घरी जाऊ काय?"

कॉलेजसाठी तो भंडाऱ्याला गेला आणि नदीपलीकडे कारध्याला मित्रांसोबत खोली घेतली. तिथे वैनगंगेच्या काठावर त्याची गांजाशी ओळख झाली. जे करायचं ते मन लावून करायचं हा त्याचा स्वभाव, त्यामुळे गांजाही त्याने नेमाने ओढला. वर मलाच समजावी, "दादा, डोस्कं असं साफ होते का पुस्तक आरपार दिसते!" दिसतही असेल, पण उतरल्यावर त्यातलं काही हाती लागत नसे. नवल म्हणजे जुनं सगळं शाबूत होतं. बैलांच्या पणज्यांपर्यंत पाठ. पण आत्याने सकाळी फोनवर सांगितलेली बीपीची गोळी संध्याकाळी विसरून हा हात हलवत गावी येई.

त्या वर्षी दंडारीत नवं नाटक होतं. तालमींना तो ओढूनच यायचा. कुणी काळजी केली की म्हणे, "पाठ हाये ना, टेन्शन कायले घेता?" मंडईच्या दुपारी मांडव पाहुण्यांनी भरला. हा ऐटीत आला, तलवार उपसली, राणीसमोर उभा राहिला, आणि नव्या नाटकातलं एकही वाक्य आठवेना. जे वर आलं ते गेल्या वर्षीचं. त्या नाटकात राणी नव्हती, राजाची बहीण होती.

"ताई! तुझ्या कुंकवासाठी मी रक्ताचे पाट वाहवीन!"

राणी झाले होते आमचे शिंपीकाका. ते पदराआडून कुजबुजले, पण माइक चालू होता. "अबे, मी तुही बायको आहो, बहीण नाही!"

मांडव हसून हसून आडवा झाला. हाही हसला. मग पुढचं वाक्य म्हणायला त्याने तोंड उघडलं, आणि ते उघडंच राहिलं. बायकांत बसलेली आत्या तेवढी हसली नाही. ती उठून घरी गेली.

संध्याकाळी त्याने तिला गांजाचं सगळं सांगून टाकलं. ती ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "नाटकाचं काही नाही रे. पण मी बोलतो ते तुह्यात थांबतच नाही. मले वाटे, तुले मायच नको झाली."

दुसऱ्या दिवशी तो मला घेऊन भंडाऱ्याच्या डॉक्टरांकडे गेला. ते म्हणाले, "नशेत ऐकलेलं नीट मुरतच नाही. मुरलंच नाही ते आठवणार कुठून? सोडलंस तर या वयात बहुतेक भरून येतं. कधी, ते मी सांगू शकत नाही." बाहेर येऊन हा म्हणाला, "सोडलं."

आणि खरंच सोडलं. कारध्याची खोलीही सोडली, गावाहून एसटीने जाऊ-येऊ लागला. झोप उडाली, जेवण नकोसं झालं, चिडचिड इतकी की गावातली कुत्रीही त्याच्या वाटेतून उठत. मित्र मोटारसायकलवर आले. "एक कश मार, काही होत नाही." हा म्हणाला, "बायकोले ताई म्हंटलो मी, आन् काही होत नाही? चाय प्या आन् निघा." रोज सकाळी तलावाच्या पाळीवर तो मोठ्याने संवाद घोकत फिरे. आत्या मुद्दाम किराण्याचा सौदा तोंडीच सांगे. एकदा तिने मीठ, गूळ आणि चहापत्ती सांगितली. हा मीठ आणि खराटा घेऊन आला.

"खराटा कोनं सांगतला रे?"

"कोनी तरी सांगतलाच असन," म्हणत तो वळला आणि भर उन्हात पुन्हा साकोलीला गेला. असं किती वेळा झालं! पण हळूहळू खेपा कमी झाल्या आणि सौदा पुरा येऊ लागला.

पुढच्या मंडईला त्याने हट्टच धरला: तेच नाटक, राजा मीच. शिंपीकाकांनी बजावलं, "यंदा ताई म्हंटलं तर मी स्टेजवरूनच माहेरी जाईन." मी पडद्याआड उभा होतो. त्याच जागी तो थांबला. त्याने डोळे मिटले, उघडले. "महाराणी," तो म्हणाला, आणि पुढचं सगळं, एक शब्द न गाळता, म्हणून गेला. प्रधान मध्ये अडखळला, तर हा त्याच्यासाठी शांतपणे थांबलाही.

त्या संध्याकाळी आत्याकडे जेवणं झाली. मंडईसाठी त्याची धाकटी बहीण सासरहून आली होती. तिचं लग्न त्या गांजाच्या दिवसांतच झालं होतं. लग्न लागून सासरी निघतानाचं काही ती हसत हसत सांगत होती. तोही सगळ्यांबरोबर हसला. मग अंगणात हात धुताना माझ्याजवळ सरकून हळूच म्हणाला, "दादा, ते निघाली तवा मी होतो काय तिथं?"

"होतास ना. सगळ्यात जास्त तूच रडलास. गाडीचं दार लावू देईनास."

नळ वाहत राहिला. तो बंद करायचंही त्याच्या लक्षात आलं नाही.

"सांग ना मंग," तो म्हणाला. "पयलेपासून सांग."

मी सांगू लागलो. साडी कोणती होती, ऊन कसं होतं, ती गाडीत बसताना काय म्हणाली. तो खाली मान घालून ऐकत होता, आणि माझ्या प्रत्येक वाक्यामागून त्याचे ओठ हलत होते.