वकिलाला लिहिलेलं पत्र

दिल्लीत एका तपास यंत्रणेच्या कार्यालयात मी मराठी अनुवादक होते. छाप्यात मराठी कागद सापडले की ते माझ्या टेबलावर यायचे. मी त्यांचं हिंदी करायची आणि खाली सही ठोकायची.

एकदा पुण्याच्या एका कारखानदाराच्या घरून जप्त केलेल्या गठ्ठ्यात चार पानी पत्र निघालं. वरच लिहिलं होतं, 'वकीलसाहेब, हे फक्त तुमच्यासाठी.' मी थबकले. अशिलानं वकिलाला सांगितलेलं गोपनीय असतं, एवढं मला नक्की ठाऊक होतं. पत्र घेऊन साहेबांकडे गेले.

"सर, ये तो वकील के नाम है."

"मॅडम, आप ट्रांसलेट कीजिए. बाकी हम देख लेंगे."

मी "जी सर" म्हणाले. खरं सांगायचं तर पुढे काय लिहिलंय ते मलाही वाचायचं होतं.

त्यानं लिहिलं होतं, की कंपनीच्या कागदांवर बायकोच्या नावाच्या सह्या त्यानंच केल्या. तिला यातलं काहीच माहीत नाही, आणि कळूही देऊ नका. दुपारच्या चहापर्यंत माझं हिंदी तयार होतं.

पुढच्या आठवड्यात त्याच्या बायकोला चौकशीला बोलावलं. तिला हिंदी धड येत नव्हतं, म्हणून दुभाषी म्हणून मलाच बसवलं. साहेबांनी सह्यांचं विचारलं आणि मी ते मराठीत सांगितलं. तिनं नवऱ्याचं ते कृत्य पहिल्यांदा ऐकलं ते माझ्या तोंडून. ती पदराचा काठ चोळू लागली.

"ताई, हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

मी साहेबांकडे पाहिलं. त्यांनी नकारार्थी मान हलवली. "ते सांगता येत नाही," मी म्हणाले.

पत्राचं हिंदी फायलीत दिसताच त्याच्या वकिलानं कोर्टात हरकत घेतली. मला साक्षीला उभं केलं.

"पत्र वकिलाला लिहिलेलं आहे, हे तुमच्या लक्षात आलं होतं?"

साहेब मागच्या बाकावर बसले होते.

"नाही," मी म्हणाले. "कामाच्या गडबडीत लक्षात आलं नाही."

शपथेवर मी खोटं बोलले. न्यायाधीशांनी मूळ पत्र आणि माझा अनुवाद दोन्ही लखोट्यात सीलबंद करायला सांगितले. खटल्यात या कागदांचा आधार घ्यायचा नाही, असा आदेश दिला. कुणी मला एका शब्दानं बोललं नाही. उलट गाडीत साहेब म्हणाले, "अच्छा संभाला आपने." त्या शाबासकीनं मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्याच दिवशी, साक्षीच्या आधी, कोर्टाच्या व्हरांड्यात कारखानदाराची बायको भेटली होती. ती माहेरी निघून गेल्याचं मी ऐकलं होतं. ती बाकावर सरकली आणि मला जागा करून दिली.

"पुण्याच्याच का तुम्ही?" तिनं विचारलं.

"हो."

"बोलण्यावरून वाटलंच. त्या दिवशी तेवढाच आधार वाटला होता मला."

मी तिच्या शेजारी बसले. पत्र मीच वाचलं होतं, हे तेव्हाही माझ्या तोंडून निघालं नाही.