रुमालाखालचा आकडा

आमच्या बाबांनी उभ्या आयुष्यात बैलाची किंमत तोंडाने सांगितली नाही. केळापूरच्या अलीकडे आमचं गाव, शेतात कपाशी आणि तूर. पण बाबांचा जीव बैलबाजारात. ते तिथे दलाली करत. विकणाऱ्याच्या हातावर रुमाल टाकायचा, रुमालाखाली बोटं दाबून आकडा घ्यायचा, मग घेणाऱ्याकडे जाऊन तेच. भोवतीचे लोक माना लांब करून बघत आणि त्यांना दिसायचं काय, तर रुमाल हलतो आहे.

मीही पोटासाठी असंच काहीसं करते. पुण्याची एक छोटी कंपनी कानात घालायची ऐकण्याची यंत्रं बनवते आणि मी गावात बसून तिचं काम करते. यंत्रात इवलासा प्रोसेसर असतो. त्याला हाकणारा सगळ्यांत आतला प्रोग्राम म्हणजे कर्नल, तो माझ्याकडे. आमच्या प्रोसेसरला आम्ही एक जास्तीची आज्ञा शिकवली होती, दुसऱ्या कुठल्याच प्रोसेसरला नसलेली: सर्वांत ताजा आवाज मेमरीत कुठे ठेवलाय, ते सांग. पण आमचं लिखाण यंत्राच्या भाषेत उतरवणारा जो कंपायलर, त्याला ही आज्ञा ठाऊक नाही. नाव लिहिलं की तो अडून बसतो. म्हणून नावच लिहायचं नाही, आज्ञेचा नुसता आकडा लिहून मोकळं व्हायचं. कंपायलर तो आकडा न वाचता पुढे सरकवतो. आत काय आहे, ते प्रोसेसरलाच कळतं.

बाबांना काही वर्षांपासून कमी ऐकू यायचं. बाजारात लोक त्यांच्याशी ओरडून बोलत आणि मागे वळून हसत. मानी माणूस, त्यांनी जाणंच सोडलं. मी कंपनीकडून चाचणीची दोन यंत्रं मागून घेतली आणि त्यातलं एक त्यांच्या कानात बसवलं. घरात ते सुरेख चाललं. आईचं पुटपुटणंसुद्धा बाबांना ऐकू यायला लागलं आणि त्यावरून दोघांची भांडणं झाली, म्हणजे बघा. मग बाबा हौसेने बाजारात गेले आणि पडेल चेहऱ्याने परत आले.

"काय झालं जी बाबा?" दादाने विचारलं. दादा म्हणजे माझा मोठा भाऊ. शेती तोच बघतो.

"एक जण बोलून चूप होते," बाबा म्हणाले, "अन् मंग त्याचाच आवाज दुसऱ्याच्या तोंडातून येते. तोंड हालते याचं, बोल त्याचे."

दादाने माझ्याकडे पाहिलं, मी आईकडे. आणि बाबांनी आम्हा तिघांकडे.

बाबा गोठ्याकडे गेल्यावर दादा हळू आवाजात म्हणाला, "बाबाचं डोकं हललं वाटते. माह्या मित्राच्या बापाचं असंच सुरू झालतं. मंग त्यानं पोराले वळखलं नाही. मी नागपूरले नेतो त्याईले."

मी पुण्याला कळवलं. उत्तर आलं की इथे असं काही आढळत नाही, वयाचा भाग असू शकेल. उंटावरून शेळ्या हाकणारी माणसं! मी संतापाने लॅपटॉप बंद केला. पण खरं सांगायचं तर मीही घाबरले होते. बाबा आणखी दोनदा बाजारात जाऊन आले, दोन्ही वेळा तेच म्हणाले, आम्ही पुन्हा एकमेकांकडे पाहिलं, आणि त्यानंतर त्यांनी सांगणंच बंद केलं. ते मला जास्त लागलं. नागपूरच्या डॉक्टरची वेळ ठरली. डॉक्टरने वाईट सांगितलं असतं तर दादाने त्यांना एकट्याला रस्तासुद्धा ओलांडू दिला नसता. मग कसला बाजार आणि कसला रुमाल.

त्याआधीच्या बाजाराला मी बाबांसोबत गेले. दुसरं यंत्र माझ्या कानात घातलं. माझे कान ठणठणीत, म्हणून तोवर बाजाराच्या गर्दीत ते घालून पाहायचं कधी सुचलंच नव्हतं. बैलांच्या रांगेपाशी एक दलाल खेकसला, "दात दाखव ना बे!" तो गप्प झाला. शेजारी चहावालीने तोंड उघडलं आणि माझ्या कानात तिच्या तोंडून आलं, "दाखव ना बे!"

मी बाबांचा हात धरला. "बाबा, मलेबी आलं! त्याचा आवाज, या बाईच्या तोंडून!"

बाबांनी माझा हात घरी येईपर्यंत सोडला नाही.

घरी येऊन मी कंपायलरने बनवलेला प्रोग्राम ओळ न् ओळ वाचला. शांत जागी कर्नल ताज्या आवाजाचा पत्ता एकदाच विचारतो. गोंगाटात दोनदा विचारतो: आधी गोंगाट जोखायला, थोडं थांबून पुन्हा कानात आवाज सोडायला. कंपायलर पडला काटकसरी. त्याने पाहिलं, तोच आकडा परत. आताच तर विचारलं, पुन्हा कशाला? त्याने दुसऱ्यांदा विचारणंच काढून टाकलं आणि जुना पत्ता पुढे केला. म्हणून शिळा आवाज, आणि तो कानात पडेपर्यंत समोर तोंड हलायचं दुसऱ्याचंच. पुण्याच्या बंद खोलीत मुद्दाम गोंगाट लावून चाचणी व्हायची, पण बोलायचा एकच माणूस. त्याचाच आवाज पुन्हा आला तर सगळे म्हणत, खोली घुमते. उपाय होता एका शब्दाचा. हा आकडा गाळू नकोस, दर वेळी नव्याने विचार, असं कंपायलरला बजावणारा शब्द आकड्याआधी लिहायचा. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! खोट यंत्रात होती आणि आम्ही डोक्याचा डॉक्टर शोधत होतो.

शब्द घालून मी यंत्र पुन्हा बाबांच्या कानात बसवलं आणि त्यांना समजेल असं सांगितलं. "समजा तुम्ही रुमालाखाली आकडा घेतला. थोड्या वेळानं पुन्हा हात टाकाले गेले, तर बाजूचा म्हणते, आत्ताच तर इचारलं, आता कायले? अन् जुनाच आकडा सांगून देते."

बाबा हसले. "अशा माणसाले बाजारात उभं नाही करत कोणी. आकडा घडीघडीले बदलते माय." मग त्यांचं हसू थांबलं. "म्हंजे मशीनच चुकून राह्यली होती?"

"हो."

"मी नाही?"

"तुम्ही नाही, बाबा."

त्यांनी खांद्यावरचा रुमाल काढून तोंड पुसलं. बराच वेळ पुसलं. "मी रोज सकाळी उठलो का तुमा दोघाईचे नावं मनात घेऊन पाहत होतो," ते म्हणाले. "मंग तुह्या मायचं. सारे आठवले, का मंगच बाजेवरून पाय खाली टाकत होतो."

मला रडू आवरलं नाही. दादा दारात उभा राहून सगळं ऐकत होता. तो आत आला आणि बाबांच्या पायाशी खाली बसला. खाली मान घालून म्हणाला, "बाबा, येत्या बाजाराले मी येऊ का तुमच्या संग? गर्दीत तुमाले काही ऐकू नाही आलं तर..."

"चाल ना," बाबा त्याच्या डोक्यावर हात ठेवत म्हणाले. "पण ऐकू तर मले बरोबर येत होतं बाप्पा. आलं नाही ते तुमाले."