टाकेबाईंची राहिलेली गोष्ट

पडदा वर जातो तेव्हा सकाळचे नऊ वाजलेले असावेत. खोली एकच, पण खिडकी मोठी. खिडकीशी दोन खुर्च्या समोरासमोर. एकीवर, उजेडाकडे तोंड करून, टाकेबाई बसल्या आहेत. गालाशी टॉवेलात गुंडाळलेला बर्फ, आणि चेहरा असा सुजलेला की आरशातल्या बाईला त्यांनी ओळखसुद्धा दाखवली नसती. दुसरीवर त्यांची थोरली बहीण, ताई, वाटीत केळं कुस्करते आहे. दोघी गप्प. ताईला ऐकू येत नाही, आणि टाकेबाईंना बोलायची मनाई आहे.

नाटक कंपनीच्या कपडेपटात टाकेबाईंनी चौतीस वर्षं काढली. खरं नाव पगाराच्या कागदापुरतं. राजे, पोलीस, भिकारी, सगळे त्यांच्या हातून सजून विंगेत गेले. टाचण्या ओठांत धरायच्या आणि धागा समोरच्या दातांनी तोडायचा, ही त्यांची रीत. कात्री गळ्यात लटकलेली असे, पण तिच्याकडे हात जाईपर्यंत दात काम उरकून मोकळे. दाताला धाग्याची बारीक खाचसुद्धा पडली होती. टाकेबाईंच्या तोंडात टाचण्या आहेत तोवर आपली गुपितं सुखरूप, असं नटमंडळी म्हणत. भाबडी बिचारी! सगळी गुपितं संध्याकाळी ताईपाशी पोचती होत.

ताईचे कान तिशीतच एका तापाने नेले. तेव्हापासून ती धाकटीचे ओठ वाचत आली. लोक जिवाचा कान करतात, ताईने डोळ्यांचा केला होता. टाकेबाई खिडकीशी बसून नकलांसकट सगळं सांगायच्या आणि ताई पोट धरून हसायची. त्या घराची करमणूक तेवढीच, आणि ती त्यांना पुरत होती.

दोन वर्षांपूर्वी असंच एका संध्याकाळी राजाची गोष्ट चालली होती. तिसऱ्या अंकात राजा सिंहासनावर बसला तो उठेचना. इथवर आलं आणि दूध उतू गेलं. उरलेलं उद्या सांगते, म्हणत टाकेबाई उठल्या. दुसऱ्या दिवशी तालमीला राजाचा जड झगा छातीशी धरून कपडेपटाचा जिना उतरताना त्यांचा पाय त्याच झग्यात अडकला. वरचे समोरचे दोन दात गेले.

काढता-घालता येणारे दात त्यांनी दोन दिवस लावले आणि डबीत टाकले. बोलताना ते हलत. मग बोलताना तोंडापुढे हात यायला लागला आणि तिथेच बसला. हाताआडचे ओठ ताई कशी वाचणार? घरात पाटी आली. ‘दूध आणलं.’ ‘खिडकी लाव.’ नकला काही पाटीवर मावत नाहीत. ताईने दोनदा लिहून विचारलं, ‘राजाचं काय झालं?’ टाकेबाईंनी दोन्हीदा लिहिलं, ‘विशेष नाही.’

नोकरी संपली तशा त्या दातांच्या डॉक्टरकडे गेल्या आणि जबड्याच्या हाडात धातूची दोन मुळं बसवून घेतली. वर तात्पुरते दात. हे दिसायला आहेत, चावायला नाहीत, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं. तीन-चार महिने हाडाला मुळं धरू द्या, हलली की गेली. निदान आठवडाभर तोंडही बंदच ठेवायचं. घरी येऊन टाकेबाईंनी पाटीवर लिहिलं, ‘दहाव्या दिवशी बोलेन.’ ताईने ती पाटी पुसली नाही. पुढचा सगळा मजकूर जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर गेला.

सेवा ताईने चोख केली. उशाला दोन उश्या, मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या, गार दूध. स्वतःचा आवाज ऐकू येत नसल्याने ती जरा मोठ्यानेच बोले. त्यामुळे टाकेबाईंच्या गोळीची वेळ शेजाऱ्यांनाही पाठ झाली.

आठव्या दिवशी सूज उतरली. ताई भाजी आणायला गेली होती आणि तिच्या स्वेटरचं एक बटण लोंबत होतं. टाकेबाईंनी मेण लावलेला दुहेरी धागा घेतला, बटण पक्कं केलं, गाठ मारली. आणि जिभेने तो धागा आपसूक जुन्या जागी नेऊन ठेवला. दोन वर्षं ती जागा रिकामी होती. दात परतले आणि त्यांच्यामागोमाग सवयही परतली. एक हिसका. धागा तुटला. जिभेला डावा दात हलताना लागला, आणि बटणावर लाल ठिपका उमटला. त्यांनी तो पुसला, स्वेटर घडी करून ठेवला आणि ताईला काही कळू दिलं नाही.

दहाव्या दिवशी सकाळी त्या एकट्याच दवाखान्यात गेल्या. डावं मूळ काढावं लागलं. उजवं तूर्त धरून आहे. डावं पुन्हा बसवायचं तर सहा महिने थांबायचं, आणि तेव्हाही हाड त्याला धरेल याची खात्री नाही.

दुपारी त्या घरी आल्या तेव्हा ताई खिडकीशी बसली होती. अंगात तोच स्वेटर. समोरची खुर्ची तिने उजेडाकडे वळवून ठेवली होती आणि मांडीवर ती न पुसलेली पाटी होती. टाकेबाई तोंडावर हात धरून बसल्या आणि दुसऱ्या हाताने त्यांनी खडू उचलला. ताईने तो त्यांच्या बोटांतून काढून घेतला, स्वेटरच्या खिशात टाकला आणि त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली.

पाय गोठलेल्या किती नटांना टाकेबाईंनी विंगेतून पाठीवर थाप मारून पुढे ढकललं होतं. आज त्यांच्या मागे कुणी नव्हतं. मग हात हळूहळू खाली आला आणि मांडीवर पडून राहिला.

“धागा मी दातानेच तोडला, ताई. एक गेला.”

ताईने ओठ वाचले. एकदाच, आणि सगळे.

“ठाऊक आहे,” ती म्हणाली. “बटणाखाली डाग राहिला होता. तू सांगतेस का, बघत होते.” मग तिने पाटी उलटी करून खाली ठेवली, खुर्ची पुढे ओढली. “राजाचं काय झालं?”

टाकेबाईंनी डोळे पुसले. दाताच्या फटीतून शब्दाशब्दाला शिट्टी वाजत होती. ती ताईला ऐकू येणार नव्हती.

“पडदा उघडायची घाई, आणि त्याची विजार मागे उसवलेली. तो बसल्या जागीच मी शिवली, ताई, आणि त्याच टाक्यांत सिंहासनाची गादीही शिवून टाकली.”