आबांचा डावा डोळा

आमच्या शेजारच्या आबांइतकं चाललेला माणूस उभ्या मावळात झाला नाही, आणि झाला असेल तर तो अजून चालतोच आहे, परत आलेला नाही. आबा रेल्वेत चावीवाले होते. म्हणजे हातोडा घेऊन रुळांवरून चालायचं आणि रूळ धरून ठेवणाऱ्या लोखंडी चाव्या ढिल्या झाल्या असतील तर ठोकून घट्ट करायच्या. तीस वर्षं घाटात हे केल्यावर साहेबानं त्यांना घरी बसवलं. पण बसणार कोण? हातोडा सरकारजमा झाला, हातात काठी आली, आणि रोज सकाळी लोणावळ्याहून वलवणपर्यंतची फेरी सुरू झाली. रस्त्याच्या दोन्ही कडा तपासल्याशिवाय फेरी पुरी व्हायची नाही. वाटेतला मैलाचा दगड, कुंपणाचा खांब, उभ्या बैलगाडीचं चाक, सगळं काठीनं ठोकून बघायचे. एकदा देवळाच्या पायरीवर बसलेल्या पुजारीबुवांचा दुखरा गुडघासुद्धा ठोकला आणि "गंजलाय, चालवा" असा निकाल दिला. पुजारीबुवा आठ दिवस बोलत नव्हते. त्यात आबांचं पाऊल पडायचं रुळांखालच्या स्लीपरांच्या मापानं, ना कमी ना जास्त. बरोबर चालणाऱ्याची नुसती त्रेधा उडायची.

मी शाळामास्तर. पेन्शनीत निघालो आणि त्याच वर्षी आमची ही गेली. ओटीवरच्या आरामखुर्चीत बसलो तो बसलोच. मुलगा नागपुरात, त्याची पत्रं न फोडता उशाशी ठेवायचो. आबांची सून ताट पाठवायची, ते बहुतेक तसंच परत जायचं. खरं सांगतो, आता लवकर संपलं तर बरं, असंच वाटायचं.

एका सकाळी आबांनी आमच्या ओटीचा खांब ठोकला. "मास्तर, डाव्या डोळ्यानं दिसंना झालंय. उजवी कड मी बगीन, डावी कोन बगनार? चला."

"आबा, दुसरं कुणी बघा."

"दुसरी समदी कामाची मान्सं. रिकामं आपुन दोगंच."

असा राग आला! पण आंधळ्या होत चाललेल्या म्हाताऱ्याला नाही कसं म्हणायचं? वहाणा चढवल्या.

पहिल्या दिवशी अर्ध्या वाटेतच धाप लागली. वर घरी आल्यावर परीक्षा! "डाव्या कडंला काय बगितलं?"

"काही नाही."

"काई न्हाई? आवो, रूळ असता तर गाडी पडली असती की!"

जन्मभर मी पोरांना नापास केलं, आणि इथं एक चावीवाला मला रोज नापास करत होता. मग मीही हट्टाला पेटलो. परटाच्या कुंपणाचा तिसरा खांब हलतोय, शेवगा फुललाय, विहिरीवर नवी मोट आलीय, सगळं टिपून सांगू लागलो. हळूहळू झोप लागायला लागली. एक दिवस ताटातली भाकरी पुरेना, तेव्हा माझं मलाच नवल वाटलं. त्याच दुपारी बसून सगळी पत्रं फोडली.

पुढं उन्हाळ्यात एकदा वावटळ उठली आणि आबांच्या उजव्या डोळ्यात कचरा गेला. पटक्याचं टोक त्या डोळ्यावर दाबून ते उभे राहिले, आणि बोलता बोलता म्हणाले, "मास्तर, पार त्या बांधावरचा बैल बगा. एक शिंग मोडलंय जनू त्याचं."

मी डोळे बारीक करकरून बघितलं. खरंच मोडलं होतं.

"आबा! हे कुठल्या डोळ्यानं दिसलं?"

आबा मैलाचा दगड उगाच दोनदा ठोकून म्हणाले, "मंग काय करायचं? नुसतं चला म्हनलं असतं, तर आला असता व्हय?"

मला हसू आलं आणि रडूही, तेही भर रस्त्यात.

आबांना जाऊन आता तीन वर्षं झाली. सुनेनं त्यांची काठी मला आणून दिली. एकटाच वलवणला जाऊन येतो, दोन्ही कडा बघतो, पण काय काय दिसलं ते सांगायचं कुणाला? त्या वेळी फार आठवण येते त्यांची. आमच्या समोरचे पोस्टमास्तर पत्नी गेल्यापासून ओटीवरून हललेले नाहीत. काल सकाळी जाऊन मी त्यांच्या ओटीचा खांब ठोकला आणि म्हटलं, "पोस्टमास्तर, माझ्या डाव्या डोळ्यानं हल्ली काही दिसत नाही हो."