अकराव्या अध्यायातली मुलगी

आमच्या केजच्या घरात रोज संध्याकाळी वडील पवित्र शास्त्राचा, म्हणजे बायबलचा, एक अध्याय वाचायचे, अगदी क्रमानं. वंशावळी आल्या तरी एक नाव गाळायचे नाहीत. लिहिलंय ते तसंच पाळायचं, फाटे फोडायचे नाहीत, हा त्यांचा खाक्या. आई तेवढ्या वेळात शेंगा फोडून घ्यायची, म्हणून बोलणीही खायची. घरात शास्त्र कळतं ते वडिलांनाच, असं मी धरूनच चालले होते.

माझी बारावी झाली, अंबाजोगाईला नर्सिंगला नंबर लागला, तेव्हा वाचन 'शास्ते' या पुस्तकात होतं. त्या संध्याकाळी अकरावा अध्याय. एक सेनापती देवाला नवस बोलतो: लढाई जिंकून परत आलो, तर माझ्या दारातून जे सामोरं येईल ते तुला अर्पण करीन. तो जिंकतो. आणि डफ वाजवत, नाचत सामोरी येते त्याची एकुलती एक लेक. तो नवस फेडतो, लेकीचा बळी देतो.

माझ्या अंगावर काटा आला. वडील मात्र कौतुकानं म्हणाले, "ह्याला म्हनत्यात शबूद. मी बी दिलाय."

धाकट्या भावाला डेंग्यू झाला होता तेव्हा ते नवस बोलले होते. पोरगा वाचला, तर पोरगी जन्मभर देवाच्या सेवेला. लग्न नाही, नोकरी नाही. "पास्टरला सांगून ठेवलंय. सोमवारी तुला न्यायला जीप येणार हाय."

बकरं बोलावं तसं मला बोलून बसले होते! ख्रिस्ती होऊन आमची तिसरी पिढी, पण नवस काही सुटला नव्हता. संताप एवढा, की रडूसुद्धा फुटेना.

"मला इचारलं कावून न्हाई?"

"तिला तरी कुठं इचारलंय?" वडिलांनी पानावर बोट ठेवलं.

"मग देव कुठं म्हनला, पोरगी दे म्हनून? दावा मला."

ते ओळीवर बोट फिरवत पुन्हा सगळा अध्याय वाचत गेले. आईचं शेंगा फोडणं थांबलं होतं.

"मागितली न्हाई," शेवटी ते म्हणाले, "पण नगं बी म्हनला न्हाई."

नवसापेक्षा या उत्तराचा धक्का मोठा होता. माणूस खोटं बोलत असता तर मी भांडले असते. ते तर लिहिलं होतं तेवढंच प्रामाणिकपणे सांगत होते. आता सोमवारी आपण जाणार, हे मला त्या क्षणी खरं वाटलं.

तेव्हा आई बोलली. "त्या पोरीची माय कुठं हाय ह्यात?"

वडिलांनी पान वरखाली पाहिलं. "माय न्हाई. कुठंच लिवलेली न्हाई."

"म्हनून गेली ती पोर." आईनं मांडीवरची टरफलं झटकली आणि ती उठून माझ्या नि त्यांच्या मधे येऊन बसली. "हितं माय हाय. लावा पास्टरला फोन, अन् द्या माझ्याकडं."