बदामाचा एक्का माझ्याकडे होता
सासऱ्यांना पोकरमध्ये ब्लफ मारायची चूक मी केली. मणी फुगावेत म्हणून द्राक्षाचे घड ज्यात बुडवतात, त्या औषधाचा वास आला, की निफाडच्या मळ्यातली ती दुपार आठवते. आम्ही मोबाईलवर फुकटच्या चिप्सनी खेळत होतो. हरेल त्याने दिवस मावळेपर्यंत घड बुडवायचे. टेबलावर दोघांत सामाईक अशी बदामाची तीन पानं उघडी पडली. बदामाचा एक्का माझ्याकडे, म्हणजे एक्क्यासकट पाच बदाम, ही सगळ्यांत भारी पानं, त्यांच्याकडे असूच शकत नाहीत! व्हिडिओंत शिकलो होतो, अशा वेळी मोठी रक्कम लावली, की समोरचा घाबरून पानं टाकतो, डाव सोडतो. हातात काही जुळलेलं नसताना मी सगळ्या चिप्स लोटल्या. दोन नव्व्यांवर सासरे जिंकले. औषधाची बादली उचलताना मी ठणकावलं, आजही ठणकावतो, की माझी चाल बरोबरच होती. सासरे म्हणाले, "जावईबापू, पानं टाकायचं बटण कुठंय, तेच मला ठावं नाय. तुम्ही भ्या कुणाला दाखवत व्हता?"