दूध टाका

ओळखपत्रावर ‘पशुधन विस्तार अधिकारी’ असलं तरी गावात त्यांना सगळे खनिजसाहेब म्हणतात. गाय आटली, खनिज मिश्रण द्या. वासरू माती चाटतं, खनिज मिश्रण द्या. कुणाच्या बायकोचे केस गळतात म्हटलं तरी त्यांची जीभ तिकडेच वळायची. पण अकरा वर्षं हा माणूस गोठ्यागोठ्यांतून शेण तुडवतोय. मी संकलन केंद्रावर दूध तपासतो, मला ठाऊक आहे, त्यांचा शब्द इथे कुणी खाली पडू देत नाही.

शहरातल्या डेअरीने या महिन्यात नवी तपासणी सुरू केली आणि परवा आमचा अख्खा टँकर परत आला. दुधात औषधाचा अंश. एकेकाचा नमुना तपासला, तर निघाली मावशी. विधवा बाई, एकाच गायीवर घर. गायीची कास सुजली होती, साहेबांनीच सुया दिल्या होत्या. आमच्या दूध संस्थेच्या चेअरमननी तिचं दूध कायमचं बंद करायचा कागद तयार केला.

साहेब तणतणत तिच्या गोठ्यात शिरले. मी मागे.

“मावशी, घरी वापरू नका, तीन दिवस दूध टाका, असं सांगितलं होतं ना?”

“टाकलं की. तिन्ही दिवस डेअरीत टाकलं. नातीलासुद्धा थेंब दिला नाही.”

साहेब मटकन गव्हाणीवर बसले. दूध टाकणं म्हणजे डेअरीत घालणं, हे मी रोज बोलतो. तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही, याची मला लाज वाटते.

संध्याकाळी केंद्रावर रांग लागली तेव्हा साहेबांनी सगळ्यांना एकच विचारलं. “सुईनंतर मी ‘दूध टाका’ म्हणायचो, ते तुम्ही कुठे टाकलंत?” एकाने माझ्या शेजारच्या मोठ्या कॅनकडे बोट केलं. मग दुसऱ्याने. मग रांगेतल्या सगळ्यांनी. शेवटी चेअरमननी हातातला कागद घडी करून खिशात घातला आणि खाली मान घालून तिकडेच बोट दाखवलं. त्यांच्याही सहा गायी आहेत.

साहेब त्या कॅनकडे बघत राहिले.

“माझी दोन्ही पोरं,” ते म्हणाले, “याच दुधावर वाढलीत.”